उंबऱ्याच्या आंतलें बालसंगोपन

मूल जन्मल्यावर पांचव्या किंवा सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा करण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. त्या रात्रीं सटवाई येते व बाळाच्या कपाळीं त्याचें नशीब लिहून जाते, अशी समजूत. म्हणून पाट मांडावयाचा, त्यावर कोरा कागद व लेखणी ठेवावयाची, दिवा रात्रभर तेवत ठेवावयाचा आणि घरांतील बायकांनीं जागरण करावयाचें. या समजुतीला हंसणें सोपें आहे. परंतु ज्यांनीं ती रूढ केली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : मूल राहणार कीं जाणार, याचा निकाल बहुधा पहिल्या आठवड्यांतच लागतो. आधुनिक वैद्यकाची मोजणीहि नेमकें हेंच सांगते. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जीं अर्भकें दगावतात, त्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात. जागरणाची रात्र पूर्वजांनीं बरोबर निवडली होती. त्या रात्रीं जागून करावयाचें काय, एवढेंच त्यांना ठाऊक नव्हतें.

नवजात अर्भक कशानें दगावतें, या प्रश्नाचें उत्तर फारसें गूढ नाहीं. कांहीं अर्भकें जन्मतांच श्वास घेत नाहींत. कांहीं दिवस पुरे होण्यापूर्वींच जन्मलेलीं किंवा अत्यंत कमी वजनाचीं असतात. कांहींना जंतुसंसर्ग होतो. पहिल्या प्रकारांत मिनिटें मोजावीं लागतात, कारण प्राणवायु न मिळाल्यास थोडक्या मिनिटांत मेंदूला इजा होऊं लागते. दुसऱ्या प्रकारांत खरा शत्रु म्हणजे थंडी. प्रौढ माणसाशीं तुलना केली तर बाळाच्या वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार फार मोठा असतो. त्यांतून तें ओलें जन्मतें, आणि दीड-दोन किलो वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर जवळजवळ नसतोच. मोठ्या माणसांना खोली सुखावह वाटत असतांनाहि असें बाळ गार पडूं लागतें. गार पडलेलें बाळ नीट चोखत नाहीं, न चोखल्यानें अशक्त होतें आणि अधिकच गार पडतें. जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊं घालण्याची रीत घातक ठरते ती यामुळेंच.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मोठ्या मुलाला जंतुसंसर्ग झाला म्हणजे तें तापतें, रडतें, आणि आई घाबरी होऊन धांवाधांव करते. नवजात बाळ कित्येकदां तापतच नाहीं. तें दूध ओढीनासें होतें, त्याचें रडणें क्षीण होतें, हातपाय लुळे पडतात, अंग गार लागतें. घरांतील माणसें म्हणतात, बाळ आज अगदीं शांत आहे. आणि त्या शांततेंतच तें हातचें जातें.

या तिन्ही संकटांवरचे मुख्य उपाय वैद्यकाला पुष्कळ वर्षांपासून अवगत होते. अडचण उपायांची नव्हती, अंतराची होती. हें अंतर केवळ मैलांत मोजावयाचें नाहीं. बाळंतिणीनें दहा-बारा दिवस खोलीबाहेर पडूं नये, बाळाला परक्याची दृष्टि लागूं नये, सोयर फिटेपर्यंत कोणी कोणाला शिवूं नये, असे निर्बंध जेथें पाळले जात, तेथें दवाखाना शेजारच्या गल्लींत असला तरी तो दूरच. मूल दवाखान्यापर्यंत जात नसेल तर दवाखान्यांतील ज्ञान मुलापर्यंत जाऊं शकेल काय, हा विचार महाराष्ट्रांत ज्या ठिकाणीं सर्वांत चिकाटीनें तपासला गेला तें ठिकाण म्हणजे गडचिरोली.

गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपूरपासून वेगळा झाला. दाट जंगल, पावसाळ्यांत रस्ते अडविणाऱ्या नद्या-नाले, गोंड व माडिया आदिवासींची मोठी वस्ती. अशा या भागांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्यानें १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली. त्यांनीं प्रथम हात घातला तो मुलांच्या न्यूमोनियाला. न्यूमोनिया ओळखण्यास डॉक्टर नळी लावून छाती तपासतो. पण लहान मुलांत त्याची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाला, आणि त्यापुढें वर्षभराच्या मुलाचा पन्नासांवर गेला, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा. आतां गांवच्या सुईणीला साठपर्यंत मोजतां येत नाहीं व तिच्याजवळ घड्याळहि नाहीं, तेव्हां तिनें हें ओळखावें कसें? यावर निघालेली तोड मोठी सुबक आहे. एका लहानशा पट्टीवर मिनिटभर गळणारें वाळूचें घड्याळ व मण्यांची ओळ बसविली. सुईणीनें वाळू उलटावी, बाळाच्या पोटाकडे पाहावें, दर दहा श्वासांना एक मणी सरकवावा. वाळू सरण्यापूर्वीं शेवटच्या लाल मण्यापर्यंत हात पोहोंचला तर औषध सुरू करावें. वैद्यकाचें एक मोठें निदान अशा रीतीनें निरक्षर हातांत जाऊन बसलें. कारण मोजावयाचें तेंच होतें, फक्त मोजण्याची रीत बदलली होती. १९८८ पासून चाललेल्या या प्रयोगाची हकीगत १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यक-नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. मुलांचे मृत्यु घटल्याचें तींत दिसून आलें होतें.

तरीहि पहिल्या महिन्यांतील मृत्यूंचा मोठा भाग हाताबाहेरच राहिला. म्हणून १९९३ पासून ३९ गांवें एका बाजूस व तुलनेसाठीं ४७ गांवें दुसऱ्या बाजूस घेऊन नवा प्रयोग मांडला गेला. प्रथम नुसतें पाहण्याचें व नोंदण्याचें काम झालें, आणि त्या नोंदी वाचून कोणाचेंहि मन विषण्ण व्हावें. १९९५-९६ या एका वर्षांत ७६३ नवजात अर्भकें पाहण्यांत आलीं. शंभरांतील ४२ बाळें जन्मतः कमी वजनाचीं होतीं. निम्म्याहून अधिक, नेमकें सांगावयाचें तर शेंकडा ५४ बाळांना, वैद्यकीय मदतीची गरज पडेल अशीं लक्षणें केव्हांना केव्हां दिसलीं. प्रत्यक्षांत डॉक्टरची दृष्टि पडली ती शेंकडा तीनांहूनहि कमी बाळांवर. वर्षभरांत चाळीस बाळें दगावलीं; त्यांतील अडतिसांना वैद्यकीय मदत मिळालीच नव्हती.

उपाय म्हणून प्रत्येक गांवांतील एक स्त्री निवडण्यांत आली. पांच ते दहा इयत्ता शिकलेली, त्याच गांवांत नांदणारी. तिला ‘आरोग्यदूत’ असें नांव मिळालें. तिनें गरोदर बाईशीं आधींपासून ओळख ठेवावी, प्रसूतीच्या वेळीं सुईणीबरोबर हजर राहावें. सुईणीनें आईकडे पाहावें व आरोग्यदूतानें बाळाकडे, अशी कामाची वांटणी. बाळ श्वास घेत नसेल तर नाकातोंडांतील चिकटा काढून फुगा व मुखवटा यांनीं छातींत हवा भरावी. बाळ कोरडें करून गुंडाळावें, वजन करावें, पहिला चीक फेंकूं न देतां बाळाला पाजवावा. मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पांचव्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं घरीं जाऊन ठरलेल्या खुणा पाहाव्या. दूध ओढणें, रडणें, हातापायांतील जोर, अंगाची ऊब, श्वास, पोट, नाळ यांपैकीं दोन किंवा अधिक गोष्टी एकदम बिघडल्या तर जंतुसंसर्ग समजून आईबापांना दवाखान्याचा सल्ला द्यावा. ते जाण्यास तयार नसतील तर त्यांच्या संमतीनें जेंटामायसिनचें इंजेक्शन व तोंडानें दुसरें औषध घरींच सुरू करावें.

सातवी-आठवी शिकलेल्या स्त्रीच्या हातीं चार दिवसांच्या बाळाला टोंचावयाची सुई द्यावी काय, ही शंका कोणाहि जाणत्या माणसाच्या मनांत यावी, आणि ती यावयासच हवी होती. तिचें उत्तर प्रशिक्षणाच्या काटेकोरपणांत शोधलें गेलें. प्रत्येक भेटीची नोंद ठरलेल्या तक्त्यावर होई, आणि ठराविक अंतरानें डॉक्टर गांवांत येऊन त्या नोंदी ताडून पाही. शिवाय शंका घेतांना दुसऱ्या पारड्यांत काय आहे तेंहि पाहिलें पाहिजे. निवड डॉक्टर व आरोग्यदूत यांच्यांतील नव्हती. आरोग्यदूत व कोणीहि नाहीं, यांच्यांतील होती.

फळ काय मिळालें? प्रयोगापूर्वीं त्या ३९ गांवांत दर हजार जिवंत जन्मांमागें ६२ अर्भकें पहिल्या महिन्यांत जात. १९९७-९८ मध्यें हा आंकडा २५ वर आला. तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांत तो साठाच्या आसपासच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकीं पूर्वीं सहांतील एक दगावे. उपचार सुरू झाल्यावर शंभरांतील तीनहि दगावेनात. ही हकीगत १९९९ सालीं पुन्हां ‘लॅन्सेट’मध्यें छापून आली, आणि पुढें दहा-बारा वर्षें वाद, पडताळा व अनुकरण यांत गेलीं. २०११ सालीं भारत सरकारनें ‘आशा’ कार्यकर्तीच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. प्रसूति दवाखान्यांत झाली असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरीं झाली असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. सरकारी कार्यक्रमांत इंजेक्शनाचा भाग मात्र गडचिरोलीइतका सर्रास आला नाहीं. भर राहिला तो ओळखण्यावर व दवाखान्यांत पोंचविण्यावर.

आतां महाराष्ट्रांत घरीं बाळंतपण फारसें होत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शेंकडा ९४ हून अधिक प्रसूति दवाखान्यांत झाल्याचें आढळलें, आणि पहिल्या महिन्यांतील बालमृत्यूंचें प्रमाण हजारीं साडेसोळांवर उतरलें होतें. तेव्हां गृहभेटींची आतां गरज काय, असें वाटण्याचा संभव आहे. पण सरळ बाळंतपण झालेली बाई दोन-तीन दिवसांत घरीं परतते. अठ्ठावीस दिवसांतील पंचवीस दिवस बाळ घरींच असतें, आणि ‘आज शांत आहे’ असें म्हणणारीं माणसेंहि तींच असतात. सुशिक्षित घरांनाहि येथें थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. बाळंतिणीच्या बंद खोलींत शेगडीची धुरी, जन्मतांच मधाचें बोट, निरनिराळ्या घुट्या, नाळेवर तेल किंवा हळद, हे प्रकार पदवीधरांच्या घरांतूनहि गेलेले नाहींत. यांपैकीं मधाचें बोट वर्षाच्या आंत कटाक्षानें टाळावें, कारण मधांत असणारे एका जातीचे सूक्ष्म बीजाणु अर्भकाच्या कोंवळ्या आंतड्यांत रुजून जबर विषबाधा करूं शकतात. धुरानें श्वासनलिका दुखावते. नाळ कोरडी व उघडी ठेवणें हेंच पुरे. उबेसाठीं आईच्या उघड्या छातीशीं बाळ बांधून ठेवण्यासारखी दुसरी शेगडी नाहीं. १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा शहरांत पेट्यांची टंचाई पडली म्हणून डॉक्टरांनीं हा उपाय केला, आणि आतां जगभर कमी वजनाच्या बाळांसाठीं तोच सांगतात.

मूल जगलें म्हणजे वाढलें, असें मात्र नव्हे. वर सांगितलेल्या त्याच पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. हा खुजेपणा सहसा दुसऱ्या वाढदिवसापूर्वींच ठरून जातो. सहा महिने आईचें दूध एकटें पुरतें. पाणीहि लागत नाहीं, उन्हाळ्यांतहि नाहीं. त्यानंतर उष्टावण होतें, मामा किंवा आजोबा सोन्याच्या अंगठीनें खीर चाटवितात, फोटो निघतात, आणि मग पुढें कित्येक घरांत बाळाला मिळतें काय, तर वरणाचें पाणी व भाताची पातळ पेज. सहा-सात महिन्यांच्या मुलाचें पोट एका लहान वाटीएवढें. ती वाटी पाण्यानें भरली तर तें तृप्त दिसेल, पण वाढणार नाहीं. वरण-भात घट्ट कुस्करावा, इतका कीं चमच्यावरून ओघळूं नये. त्यांत चमचाभर तूप किंवा तेल घालावें. हळूहळू पालेभाजी, केळें, अंडें, कोंकणांत मासा, जें घरांत चालत असेल तें द्यावें. आठ महिन्यांपर्यंत दिवसांतून दोन-तीन वेळां, पुढें तीन-चार वेळां, आणि आईचें दूध दोन वर्षांपर्यंत चालूं ठेवावें. यांत महाग असें कांहींच नाहीं. महाग आहे तो वेळ. कारण वर्षाच्या आंतलें मूल भरविण्यास अर्धा तास सहज लागतो, आणि शेतावर किंवा बांधकामावर जाणाऱ्या आईपाशीं नेमका तोच नसतो.

अन्नाइतकीच दुसरी एक भूक मुलाला असते, तिच्याकडे वैद्यकाचें लक्ष उशिरां गेलें. मराठी शिक्षकांचें मात्र तें लवकर गेलें होतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ च्या अखेरीस ठाणें जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या पालघर जिल्ह्यांतील, बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांच्या वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात. मग मुलें येत नाहींत तर बालवाडीच त्यांच्या अंगणांत न्यावी, असें ठरून ‘अंगणवाडी’ निघाली. तेथें आरंभ धड्यांनीं होत नसे. मुलांचीं नखें काढणें, आंघोळी घालणें, केस विंचरणें येथून होई. मॉंटेसरीचीं विलायती साधनें परवडणारीं नव्हतीं. त्यांच्या जागीं खडे, शिंपले, बिया, पानें आलीं. १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें व गुरें राखणाऱ्या मुलांमागून कुरणांतहि शाळा पोहोंचली. अंगणवाडी हें नांव २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या बालविकास योजनेमुळें आज भारतभर झालें आहे.

खडे-शिंपल्यांच्या या खेळाचें मोल आंकड्यांत दाखविलें तें मात्र दूरच्या जमैका बेटानें. राजधानी किंग्स्टन येथें १९८६-८७ मध्यें नऊ ते चोवीस महिन्यांचीं १२९ खुजीं मुलें निवडण्यांत आलीं. कांहींना दूधभुकटी मिळाली. कांहींच्या घरीं आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जाऊन घरगुती खेळण्यांनीं मुलाशीं कसें खेळावें, कसें बोलावें, हें आईला दाखवी. कांहींना दोन्ही मिळालें. कांहींना यांतील कांहींच नाहीं. दोन वर्षांनीं दूध व खेळ या दोहोंचाहि बुद्धीच्या विकासावर चांगला परिणाम दिसला. वीस वर्षांनीं पुन्हां पाहिलें तेव्हां, लहानपणीं ज्यांच्याशीं खेळण्यास शिकविलें होतें तीं मुलें इतरांपेक्षां शेंकडा पंचवीस अधिक कमवीत होतीं. दुधाचा तसा ठसा उरला नव्हता. दूध निरुपयोगी होतें असा याचा अर्थ कोणीं करूं नये. भुकेल्या मुलाला खेळवतां येत नाहीं. परंतु दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या सुमारें चार-पंचमांश झालेला असतो, आणि त्या घाईच्या काळांत मुलाशीं कोणीं बोललें कीं नाहीं, हा प्रश्न शिळोप्याचा राहत नाहीं. आपल्याकडील अंगणवाडीची उणीव येथें दिसते. तीन वर्षांवरील मूल तेथें जाऊन बसतें. त्याखालच्या मुलाला घरीं नेण्याचा शिधा मिळतो, खेळ फारसा मिळत नाहीं. केंद्र सरकारनें २०२४ सालीं जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं ‘नवचेतना’ नांवाचा आराखडा प्रसिद्ध केला, त्याचा रोख या उणिवेवरच आहे. मात्र एकाच सेविकेच्या डोक्यावर नोंदवह्या, मोबाइलवरील माहिती, आहार व सभा यांचा भार असतांना तिनें आठवड्याला एक तास एका घरीं बसावें कसें, याचा हिशेब अजून कोणीं नीट मांडलेला नाहीं.

शहरांत हा हिशेब आणखी अवघड होतो. खेड्यांत आरोग्यदूताला प्रत्येक घर ठाऊक असतें. मुंबई-पुण्याच्या वस्तींत भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनीं बदलते, गरोदर बाई बाळंतपणाला गांवीं जाते व दोन महिन्यांचें मूल घेऊन परत येते, तेव्हां ती कोणाच्याच यादींत नसते. २०१७ सालच्या दुरुस्तीनें आस्थापनेंत नोकरी करणाऱ्या स्त्रीची पगारी प्रसूति-रजा सव्वीस आठवड्यांची झाली, म्हणजे जवळजवळ सहा महिने केवळ अंगावर पाजण्याइतकी. पांच घरचीं भांडीं घासणाऱ्या बाईच्या पदरांत ती रजा पडत नाहीं. तिचें काम दुसरीच्या हातीं जाऊं नये म्हणून ती दीड-दोन महिन्यांत परत येते, आणि मागें राहिलेल्या बाळाला आजी किंवा आठ वर्षांची बहीण पाणी घातलेलें पिशवीचें दूध बाटलीनें पाजते. बाटलीचें बूच आंतून धुतलें जात नाहीं. पहिला जुलाब तेथूनच सुरू होतो.

हें टाळण्याचा उपाय बाईला कोणीं सांगितलेला नसतो, एवढेंच. आईचें दूध हात स्वच्छ धुऊन स्टीलच्या उकळून घेतलेल्या वाटींत काढतां येतें. झांकून ठेविलें तर खोलींतील हवेंत तें सुमारें चार तास टिकतें, कडक उन्हाळ्यांत त्याहून कमी, आणि शीतकपाटांत दिवसभर. बाळाला तें वाटी-चमच्यानें किंवा जुन्या बोंडल्यानें पाजावें. बोंडलें आंतबाहेर घासतां येतें, बाटलीचें तसें नाहीं. सकाळीं निघतांना काढलेलें दूध घरीं राहील. दुपारीं कामाच्या ठिकाणीं पान्हा दाटून येतो तेव्हां काढलेलें दूध ठेवण्यास त्या घरच्या शीतकपाटांत एका झांकलेल्या वाटीपुरती जागा लागते, आणि दहा मिनिटें दार लोटून बसतां येईल अशी एक खोली.